फड आहे दारात, भाजी मात्र बाजारात!



वसई म्हटली की आपल्याला चिमाजी अप्पांची १७३९ सालची मोहीम आणि तो बळकट किल्ला आठवतो. शाळेच्या पुस्तकात आपण तेवढेच वाचलेले असते. पण वसईची आणखी एक ओळख आहे आणि ती आपल्यासारख्या शेतकऱ्याला जवळची आहे. वसई हा वाड्यांचा मुलूख. आगाशी, नाळे, निर्मळ, भुईगाव, गास, नंदाखाल अशा गावांतून पिढ्यान्‌पिढ्या केळी, नारळ, विड्याची पाने, फुले आणि भाजीपाला पिकत आला. आगाशीची सुकेळी तर नावाजलेलीच. आणि गंमत अशी की, एके काळी वसईच्या बागायतीत ऊसही होता. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ सालच्या सरकारी गॅझेटियरमध्ये वसईच्या केळीबरोबर उसाचीही नोंद सापडते. म्हणजे तसे पाहिले तर वसईकर हे आपले जुने ऊसभाऊच म्हणायचे!

या अंकात आम्ही त्यांच्याकडे वळलो आहोत ते उसासाठी मात्र नव्हे. वळलो आहोत ते परड्यासाठी, म्हणजे घरामागच्या भाजीच्या तुकड्यासाठी.

अर्ध्या गुंठ्याचा हिशेब

आपल्या कार्यक्षेत्रातले चित्र काय आहे? पाण्याची सोय झाली, कारखाना उभा राहिला, घराघरांत उसाचे बिल येऊ लागले. चांगलेच झाले. पण उसाची सरी सरकत सरकत थेट मोरीच्या पाण्यापर्यंत आली. पूर्वी आईच्या हाताखाली वांगी, मिरची, दोडक्याचा वेल, कढीलिंब, चार अळूचे कंद असे काहीबाही असायचे. ते गेले. आता पाच-दहा एकरांचा बागायतदार आठवडी बाजारात पिशवी घेऊन उभा राहतो आणि कोथिंबिरीची जुडी घासाघीस करून घेतो.

याबद्दल विचारले तर उत्तर ठरलेले असते : “अहो, भाजी बाजारात मिळतीच की! तिच्या मागं कोण वेळ घालवणार?”

आता हिशेब करू. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. अर्धा गुंठा म्हणजे साधारण ५४५ चौरस फूट, एकराचा ऐंशीवा हिस्सा. एकरी चाळीस टनांचा उतारा धरला, तर अर्ध्या गुंठ्यातला ऊस भरतो अर्धा टन. त्या अर्ध्या टनाचे बिल किती आणि घरात वर्षभर भाजीला जाणारा पैसा किती, हे ज्याने त्याने घरच्या कारभारणीला विचारून मांडावे. आकडा आम्ही सांगत नाही. तो तुम्हालाच कळेल.

पैशापलीकडची गोष्ट ताटाची आहे. विकत आणायची म्हटली की बहुतेक घरांत बटाटा, कोबी आणि डाळीवर भागते. पालेभाजी, शेंगभाजी कमी पडते, आणि कमी पडते ती घरच्या बायकांच्या व पोरांच्या ताटात आधी. शिवाय बाजारातल्या भाजीवर कधी, कोणते औषध मारले हे ना विकणाऱ्याला ठाऊक, ना घेणाऱ्याला.

कोल्हापूरचे प्रा. श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’च्या द्वारे दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचा निर्वाह कसा होऊ शकेल याचा विचार मांडला होता. आम्ही दहा गुंठे मागत नाही. फक्त अर्धा मागतो.

वाडीची शिकवण : घरातले वाया जात नाही

वसईची वाडी पाहिली तर तीत तीन गोष्टी डोळ्यांत भरतात.

पहिली, जागेचा उपयोग. वर नारळ, त्याखाली केळ, केळीच्या सावलीत अळू-सुरण, कडेला मांडवावर वेल आणि मोकळ्या वाफ्यात पालेभाजी. एकाच जमिनीत माळ्यावर माळे.

दुसरी, पाण्याची जपणूक. तिथे विहिरीबरोबर ‘बावखल’ असे. बावखल म्हणजे वाडीत खोदलेले गोड्या पाण्याचे तळे. पावसाचे पाणी त्यात साठायचे, जमिनीत मुरायचे, आणि रहाटाने उपसून पाटाने झाडांना मिळायचे. समुद्र इतका जवळ असूनही विहिरी गोड राहिल्या त्यात या बावखलांचा वाटा मोठा. पुढे उपसा वाढला, बावखले बुजली, तसे बऱ्याच विहिरींत खारे पाणी शिरले. आपण हसू नये. पाटाने बेसुमार पाणी देऊन आपल्याकडच्याही कितीतरी जमिनी क्षारपड झाल्या आहेत. पाणी कमी पडले काय नि जास्त झाले काय, मीठ वर येतेच.

तिसरी गोष्ट खताची. वसईच्या बागायतीत एरंडीची पेंड आणि मासळीचे खत पूर्वापार वापरात. मासळी धुतलेले पाणी, खवले, डोकी-शेपट्या हे सारे घरामागच्या नारळाच्या किंवा केळीच्या बुंध्याशी पुरायचे, ही कोकणपट्टीतली नेहमीची रीत. स्वयंपाकघर आणि वाडी यांच्यामध्ये उकिरडा येतच नाही.

आज त्या भागाची दशा काय? विरार चर्चगेटपासून ६० किलोमीटर. लोकल गाड्यांनी मुंबई दाराशी आणली. त्याच गाड्यांनी वसईची फुले आणि भाजी मुंबईला गेली, आणि त्याच गाड्यांनी वस्तीही आली. २००९ साली वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेली. २०१४ साली ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. वाड्यांच्या जागी इमारती आल्या. हा हिरवा पट्टा राखण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्या माणसांनी लोकांना बरोबर घेऊन चळवळ केली. फादर २०२४ साली निवर्तले. पण पश्चिमेकडच्या गावांतून आजही वाड्या दिसतात त्यामागे अशा माणसांचे कष्ट आहेत.

आम्हाला सांगायचे ते इतकेच. तिथल्या माणसाची जमीन शहराने मागितली. आपल्या परड्यावर मात्र कोणीच डोळा ठेवला नव्हता. ते आपणच आपल्या हाताने मोडले. म्हणूनच ते परत उभे करणेही आपल्याच हातात आहे.

ओला कचरा आणि पाचट यांचे लग्न

पाच-सहा माणसांच्या घरात भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा, खरकटे असा किलोभर ओला कचरा रोज सहज निघतो. तो नुसता खड्ड्यात टाकला की कुजतो, पाणी सुटते, वास येतो, माश्या होतात. मग लोक म्हणतात, “खत-बित काही नाही, नुसती घाण झाली.”

दुसरीकडे आपल्या रानात तोडणीनंतर एकरी तीन-चार टन पाचट पडते आणि पुष्कळजण ते अजूनही पेटवून देतात. एकटे पाचट लवकर कुजत नाही, कारण त्यात कर्ब भरपूर पण नत्र अगदी थोडे. ओल्या कचऱ्यात याच्या उलट, नत्र आणि ओल जास्त. दोघांना एकत्र आणले की एकाचे उणे दुसरा भरून काढतो. कुजवणारे जीवाणू खूष, आणि वासही नाही. वसईच्या फ्लॅटात राहणाऱ्याला सुका पाला शोधत फिरावे लागते. आपल्या तर तो पायाखाली आहे!

कृती सोपी आहे :

१. घरामागे पाणी न साचणाऱ्या, सावलीच्या जागी तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल असा खड्डा घ्यावा. पावसाचा जोर असेल तर खड्ड्याऐवजी जमिनीवर विटांचे जाळीदार हौद करावे.

२. तळाशी वीतभर तुकडे केलेल्या पाचटाचा चार-सहा बोटे थर द्यावा.

३. त्यावर रोजचा ओला कचरा पसरून लगेच मूठ-दोन मुठी पाचट आणि थोडी माती टाकावी. आठवड्यातून एकदा शेणकाला शिंपडावा.

४. पंधरा दिवसांनी वर-खाली करावे. मूठभर घेऊन दाबले असता हात ओला व्हावा, पण पाणी गळू नये. वास आला तर ओल जास्त झाली, पाचट घालावे. मुंग्या झाल्या तर कोरडे पडले, पाणी शिंपडावे.

५. खड्डा भरला की मातीने झाकून दुसरा सुरू करावा. अडीच-तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, मातीच्या वासाचे खत तयार होते.

काय टाकू नये तेही सांगतो. लोणच्याचा खार, खारवलेली मासळी, तेलकट-तिखट खरकटे टाकू नये. मिठाने माती बिघडते. ताज्या मासळी-मटणाचे धुवण चालते, पण ते झाडापासून हातभर अंतरावर वीतभर खोल पुरावे. नाहीतर कुत्री-मांजरे रात्रीत सारे उकरतील. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी थेट झाडाला द्यावे. आंघोळीचे पाणी केळी आणि कर्दळीकडे वळवावे. कपडे धुतलेले सोड्याचे पाणी मात्र भाजीला नकोच.

ज्या सभासदांचे बिऱ्हाड गावठाणात आहे, मागे जागाच नाही, त्यांनीही निराश होऊ नये. मुंबईत वांद्र्याला डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर पिशव्या आणि पिंपांतून भाजी-फळे घेऊन दाखवली. माती फार थोडी, आणि भरण म्हणून मुख्यतः काय, तर उसाचा चोथा! मुंबईचा माणूस रसवंतीवरचा चोथा आणून बाग करतो, आणि आपण पाचट जाळतो.

हंगामाप्रमाणे काय लावावे

*अक्षय्य तृतीया ते मृग* : कोकणात अक्षय्य तृतीयेच्या सुमारास वेलभाज्यांची आळी करण्याची रीत आहे. आपणही हातभर रुंदीची आळी खणून त्यात घरचे खत आणि माती भरून ठेवावी. मृगाच्या तोंडाशी दोडका, कारले, दुधी, काकडी, पडवळ यांचे प्रत्येकी तीन-चार दाणे टोकावे. भेंडी आणि गवारही याच वेळी.

*पावसाळा* : वेल मांडवावर किंवा कुंपणावर चढवावे, जमिनीवर पसरले तर फळ सडते. मोरीच्या पाण्यावर अळू लावावे. वांगी, मिरचीची रोपे गादीवाफ्यावर करून श्रावणात लावावी. आपली ऋषिपंचमी आठवा. बैलाच्या कष्टाचे त्या दिवशी खायचे नाही, हाताने पिकवलेले तेवढेच चालते. त्या एका दिवसाच्या भाजीसाठी तरी घराघरात परडे लागत असे. वाडवडिलांनी व्रतात बागच बांधून ठेवली होती.

*घटस्थापना ते संक्रांत* : हा परसबागेचा खरा सुगीचा काळ. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, वाल-घेवडा, टोमॅटो. पालेभाजी एकदम सगळी पेरू नये. दर दहा दिवसांनी एकेक वाफा पेरावा, म्हणजे ताटात खंड पडत नाही आणि एकदम वायाही जात नाही. कोथिंबिरीचे धने चपलेने रगडून दोन फाकी करून पेरावे.

*उन्हाळा* : गवार, भेंडी, चवळी, लाल माठ, आणि सावलीच्या कडेला कढीलिंब, पुदिना. या दिवसांत वाफ्यावर पाचटाचे तीन-चार बोटे आच्छादन करावे. निम्म्या पाण्यात भागते आणि तणही उगवत नाही.

किडीला आवर, मित्राला अभय

२००२ साली पश्चिम महाराष्ट्रात उसावर लोकरी मावा आला ते दिवस जुन्या सभासदांना आठवत असतील. पानांखाली पांढरी लोकर, वर काळी बुरशी. फवारण्या करून माणसे थकली. अखेर माव्याला आवर घालण्यात मोठे काम केले ते डिफा आणि मायक्रोमस या मित्रकिडींनी. ज्या फडात विषारी औषधांचा मारा झाला तिथे हे मित्रही मेले. हा धडा आपण मोल देऊन शिकलो आहोत. तोच परड्यात लावायचा. भाजीवर मावा दिसला की आधी ढालकिडा आहे का ते पाहावे. असेल तर चार दिवस थांबावे, तो आपले काम करतो.

तरीही कीड वाढली तर घरचे उपाय असे :

*निंबोळी अर्क* : जून-जुलैत पडणाऱ्या निंबोळ्या गोळा करून सावलीत वाळवाव्या. ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवाव्या, सकाळी फडक्याने गाळून ठेवाव्या आणि त्याच दिवशी ऊन उतरल्यावर, थोडे साबणाचे पाणी मिसळून पानांच्या वरून-खालून फवारावे. उन्हात या अर्काचा गुण लवकर जातो, म्हणून वेळ संध्याकाळचीच. आठ-दहा दिवसांनी पुन्हा.

*राख* : चुलीतली चाळलेली राख पहाटे दव असताना पानांवर धुरळावी. काकडी-दुधीच्या कोवळ्या रोपांवरचा तांबडा भुंगा आणि मावा यांना ती आवरते.

*आंबट ताक* : वेलावर किंवा भेंडीवर पांढरी भुरी दिसू लागताच एक वाटी ताकात दहा वाट्या पाणी घालून फवारावे. रोग पसरल्यावर उपयोग होत नाही, सुरुवातीलाच हवे.

*गोगलगायी* : पावसाळ्यात संध्याकाळी ओली गोणपाटे वाफ्याच्या कडेला टाकावी. रात्रीतून त्याखाली जमलेल्या गोगलगायी सकाळी चिमट्याने वेचून मिठाच्या पाण्यात टाकाव्या. मीठ वाफ्यात मात्र शिंपडू नये.

*फळमाशी* : कारली, काकडी वाकडी होऊन पिवळी पडली की ती गळण्याआधीच तोडून, हातभर खोल पुरावी. खताच्या खड्ड्यात टाकली तर तिथेच माश्या वाढतात. कोवळ्या फळांना कागदाच्या पिशव्या बांधणे हा सर्वात स्वस्त उपाय.

*हुमणी आणि गेंड्या भुंगा* : कच्चे शेणखत परड्यात कधी घालू नये, हुमणी त्याबरोबरच येते. खताचा खड्डा खाली-वर करताना जाड पांढऱ्या अळ्या दिसल्या तर वेचून कोंबड्यांना घालाव्या. गेंड्या भुंग्याच्या अळ्या खतातच वाढतात आणि मोठे भुंगे नारळाचा कोंब पोखरतात.

तीन सावधगिऱ्या

पहिली : झाडपाल्याचे म्हणजे निर्धोक, असे समजू नये. तंबाखूचा काढा पालेभाजीवर मारू नये, तोही विषच आहे. एरंडीची पेंड खत म्हणून उत्तम, पण ती जनावरांच्या तोंडी लागता कामा नये.

दुसरी : उसात तणनाशक मारण्याचा पंप परड्यात आणू नये. टू-फोर-डी चा अंश टाकीत राहिला तरी टोमॅटो, वांगी आणि वेल पिळवटून जातात. वाऱ्याच्या दिवशी परड्यालगतच्या उसात हे औषध फवारूही नये. घरालगतच्या चार सऱ्यांत खुरपणीच बरी.

तिसरी : औषधाचे रिकामे डबे आणि बाटल्या पाणी घालायला वा बी ठेवायला वापरू नयेत. धुतले तरी विष जात नाही.

सुरुवात कशी करावी

आपला कारखाना उभा राहिला तो एकेका शेअरवर. वसईच्या ख्रिस्ती बांधवांनीही १९१८ साली छोट्या पतसंस्थेने आरंभ केला, तिची पुढे बसीन कॅथॉलिक सहकारी बँक झाली. थोडक्यात सुरू करणे यात कमीपणा नाही.

या हंगामात ऊस तुटून गेला की खोडवा ठेवताना घराजवळचा अर्धा गुंठा सोडून द्या. तिथले पाचट पेटवू नका. एक खड्डा घ्या, दोन आळी करा, चार वाफे पाडा. बी विकत घ्यायची घाई नको. शेजारणीकडे दोडक्याचे बी असते, आत्याकडे वालाचे असते, मागून आणा आणि पुढच्या वर्षी दुप्पट परत करा. आणि आमची एक आग्रहाची विनंती : परड्याचा कारभार घरच्या बाईकडे द्या, आणि त्यातून उरलेल्या भाजीचे जे चार पैसे येतील तेही तिच्याच हाती राहू द्या. हे केले तरच परडे दुसऱ्या वर्षीही टिकेल.

ज्या सभासद भगिनी अशी बाग करतील त्यांनी काय लावले, काय फसले आणि कोणता उपाय लागू पडला हे दोन ओळींत या पत्रिकेकडे जरूर लिहून पाठवावे. पुढच्या अंकात त्याला आम्ही आनंदाने जागा देऊ.